पेटी, सतार, बासरी, व्हायोलिन, तबला... शिकायला सगळ्यात अवघड कोणतं?

चांदणवेल (नाशिक)

नमस्कार मंडळी,

आमच्या घरात महिनाभर एकच विषय चालू आहे. लेक नऊ वर्षांची. शाळेच्या स्नेहसंमेलनात एका मोठ्या मुलीचं व्हायोलिन ऐकून आली आणि तेव्हापासून "मला तेच शिकायचंय" म्हणून हटून बसली आहे. मी स्वतः चव्वेचाळीसची. लहानपणी आमच्या वाड्यात शेजारच्या काकू सतार वाजवायच्या. त्या बाजारात गेल्या की आम्ही मुलं खोळ वर करून तारांना हळूच बोट लावून यायचो. तो झणकार अजून कानात आहे. लेकीच्या निमित्ताने माझीही इच्छा पुन्हा वर आली.

पण सल्ले ऐकून डोकं भणभणलं आहे. सासूबाई म्हणतात, आधी पेटी शिकवा, सूर पक्का होईल. नवरा म्हणतो, कीबोर्ड घेऊ, पहिल्या दिवसापासून वाजतो. नणंद तबल्याच्या बाजूची. ऑफिसातल्या एकाने सांगितलं, बासरी घ्या, स्वस्तात होतं. आणि सतार म्हटलं की सगळे एकसुरात, "या वयात? बोटं कापतात!"

मला पहिला-दुसरा-तिसरा असे क्रमांक नको आहेत. ज्यांनी खरोखर वाद्य हातात घेतलंय त्यांनी सांगा: तुम्ही नेमके कुठे अडलात? वाजवताना स्वतःला बरं वाटायला किती दिवस लागले? आणि नऊ वर्षांच्या मुलीला व आईला तुम्ही काय सुचवाल?

काळी_दोन (सांगली)

ताई, बावीस वर्षं पेटी शिकवतोय, म्हणून आधी माझ्याच वाद्याबद्दल लिहितो.

पेटी सोपी आहे असं लोक म्हणतात ते पहिल्या महिन्यापुरतं खरं आहे. पट्टी दाबली, भाता मारला, सूर आला. तो सूर पेटी बनवणाऱ्याने आधीच लावून ठेवलाय, तुम्हाला तो शोधावा लागत नाही. तीन महिन्यांत मूल एखादं भजन वाजवतं आणि घरचे खूश होतात. पुढे दोन गोष्टी येतात. पहिली बोटांची. अलंकार, म्हणजे सुरांचे सरावाचे पलटे, वाजवताना अंगठा खालून कधी काढायचा हे लागलं नाही तर लय वाढली की बोटं एकमेकांत अडकतात, आणि चुकीची सवय मोडायला दुप्पट वेळ जातो. दुसरी गोष्ट साथीची, आणि खरी पेटी तिथे सुरू होते. गायक पुढच्या क्षणी काय घेणार हे तुम्हाला माहीत नसतं. त्याची तान संपता संपता तुमची बोटं तिथे पोचलेली हवीत, पण त्याच्या पुढे जाता कामा नये. हे यायला मला आठ वर्षं लागली.

"पेटीने सूर पक्का होतो" यावर मात्र माझं मत वेगळं आहे. तानपुरा नीट जुळला की षड्जाच्या (सा) तारेतून एक गंधार (ग) आपोआप ऐकू येतो, त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. पेटीचा गंधार त्याच्यापेक्षा किंचित चढा असतो, कारण पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. शिवाय दोन सुरांच्या मधली जागा पेटीत नाही, मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं, नाही. या कारणांवरून १९४० साली आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली होती, ती पुढे तीसेक वर्षं टिकली. तरीही आपल्याकडे गोविंदराव टेंबे, अप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर अशी माणसं झाली. मींड नसलेल्या वाद्यातून मींडेचा भास उभा करायचा म्हणजे काय हे त्यांचं वादन ऐकून कळतं. सोपं वाद्य शेवटी किती अवघड होतं त्याचा तो नमुना आहे.

मुलीला पेटी द्या, जरूर द्या. पण बाजूला तानपुरा लावून रोज दहा मिनिटं सा धरून गायला लावा. कान त्याने तयार होतो.

खर्ज (ठाणे)

बासरीबद्दल लिहितो. "स्वस्तात होतं" हे बरोबर आहे, पण बासरी पहिल्याच दिवशी परीक्षा घेते. पेटीच्या अगदी उलट. मला पहिले अकरा दिवस नुसती हवा ऐकू येत होती. गुरुजी म्हणायचे, फुंक मारू नकोस, फुंक ठेव. ओठांची फट तांदळाच्या दाण्याएवढी, आणि हवेची धार भोकाच्या पलीकडच्या कडेवर अर्धी आत, अर्धी बाहेर कापली गेली पाहिजे. बाराव्या दिवशी एक सूर लागला आणि परत हरवला. सुरुवातीला चक्करही येते, तेव्हा पाच मिनिटांनी थांबायचं.

सूर लागला की मधलं सप्तक पटकन येतं आणि वाटतं, जिंकलं. मग खालचा पंचम (प). त्याला सहाही भोकं पूर्ण बंद लागतात. एका बोटाखालून केसाएवढी हवा सुटली तरी सूर फाटतो, आणि कोणत्या बोटाखालून सुटतेय ते दिसत नाही. मी आरशासमोर बसायचो.

त्याहून मोठा अडथळा म-प-म. शुद्ध मध्यमाला पहिलं भोक अर्धं उघडं, बाकीची सगळी मोकळी. आणि लगेच पुढचा पंचम, सगळी भोकं बंद करून. म्हणजे एका सुरावरून शेजारच्या सुरावर जायला सहा बोटं एकदम हलतात, आणि फुंकही बदलते. पेटीवर हेच काम म्हणजे शेजारची पट्टी. पन्नालाल घोष यांनी लांब बासरी मैफलीत आणली, तिला सातवं भोक दिलं, त्याच्यामागे याच भागातल्या अडचणी होत्या.

मैफलीची पांढरी तीनची (पेटीच्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीच्या सुराची) बासरी साधारण अडीच फूट असते, नऊ वर्षांच्या मुलीची बोटं तिथवर पुरत नाहीत. लहान बासरीवर सुरुवात करता येते. पण मुलांना पहिल्या दोन आठवड्यांत काहीच न वाजणं सोसत नाही, असं मी तीन मुलांच्या बाबतीत पाहिलंय. मोठ्यांना जमतं. मला सहा महिन्यांनी भूप राग वाजवताना पहिल्यांदा डोळे मिटावेसे वाटले.

अनवट

गिटारचं कोणी बोललं नाही म्हणून. बोटांची टोकं पंधरा दिवस दुखतात, मग घट्टे पडतात. तीन-चार कॉर्ड महिन्याभरात येतात आणि तेवढ्यावर शंभर गाणी निघतात. मग येतो एफ कॉर्ड. एक बोट आडवं टाकून सहाही तारा दाबायच्या. माझे दोन मित्र तिथेच थांबले. लहान मुलांसाठी युकुलेली छान, चार नायलॉनच्या तारा, बोटं दुखत नाहीत.

तबलावाले कुठे आहेत?

तिहाई (डोंबिवली)

हजर आहे.

तबला कोणीही पहिल्या दिवशी वाजवू शकतो असं वाटतं, कारण थाप मारली की आवाज येतोच. पण तो आवाज "ना" नसतो. "ना" म्हणजे अनामिका शाईच्या (मधल्या काळ्या गोलाच्या) कडेला हलकी टेकलेली, तर्जनी चाटेवर (काठावर) पडून लगेच उठलेली. अनामिका जास्त दाबली तर आवाज मरतो, उचलली तर घुमतो. माझ्या गुरूंनी चार महिने मला ना, ती, तिरकिट याच्यापुढे नेलं नाही. तेव्हा राग यायचा. आज दुसऱ्यांचे हात ऐकतो तेव्हा पटतं.

डग्ग्याचं कोणी बोलत नाही. उजवा हात तरी बोलांनी तयार होतो. डाव्या हाताचं मनगट कातड्यावर सरकवून "गे"ला वळण द्यायचं, ते शिकवता येत नाही, फक्त ऐकवता येतं. पाच-सात वर्षांनी तो हात बोलायला लागतो.

आणि पढंत, म्हणजे बोल तोंडाने म्हणणं. धाती टधा तिट धाधा तिट धागे तिना किना, हा दिल्लीचा कायदा, म्हणजे बोलांची ठरलेली रचना, हाताने टाळी धरून तोंडाने म्हणता आला नाही तर बोटांतून येणार नाही. आमच्या वर्गात पहिला अर्धा तास कोणी तबल्याला हात लावत नाही. ताई, मुलगी कोणतंही वाद्य घेऊ दे, तिला सहा महिने नुसती पढंत शिकवा. लय अंगात बसली की व्हायोलिनही सोपं जाईल.

एक व्यवहाराची गोष्ट. पावसाळ्यात आमच्याकडे पुडी (वरचं कातडं) ढिली पडते. गट्टे (बाजूचे लाकडी ठोकळे) ठोकून, गजऱ्यावर (कडेच्या वेणीवर) हातोडी मारून चारही बाजूंनी एकच सूर आणायचा, हे नवीन मुलाला एक-दोन वर्षं जमत नाही. म्हणजे वाद्य घरी आलं तरी ते सुरात ठेवायला कोणीतरी लागतं. विकत घेताना हे कोणी सांगत नाही.

दिंडीकर

तिहाईदादा, पढंतीबद्दल शंभर टक्के. आमच्या आळंदीला मुलं कीर्तनात मागे उभी राहून टाळ वाजवता वाजवता ठेका तोंडपाठ करतात, पखवाज नंतर. पखवाजाची आणखी एक मेहनत म्हणजे डाव्या तोंडाला लावायची कणीक. सैल झाली तर वाजवता वाजवता उडते, घट्ट झाली तर आवाज लाकडासारखा. किती पाणी घालायचं ते बोटांनाच कळतं. उन्हाळ्याच्या सप्त्यात दोन तासांत वाळते, मग अभंग चालू असताना ओल्या बोटाने सांभाळायची.

मांडवीकाठ (पणजी)

चांदणवेलताई, तुमच्या लेकीसाठी लिहितो.

आमच्या गोव्यात व्हायोलिन फार जुनं. पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांतून मुलांना सोल्फेजचे, म्हणजे सूर वाचून गाण्याचे, धडे आणि व्हायोलिन शिकवायचे. मुंबईच्या सिनेमांच्या वाद्यवृंदांत इतके गोंयकार वाजवायला गेले ते या शाळांमुळे. माझे आजोबाही असेच शिकले. मी मात्र पुढे हिंदुस्थानी पद्धतीकडे वळलो, म्हणून दोन्ही बाजू थोड्या ठाऊक आहेत.

व्हायोलिनची पहिली दोन वर्षं कठीण आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. पडदे नाहीत, पट्ट्या नाहीत. बोट एक मिलीमीटर सरकलं तरी सूर गेला. आणि ते अर्धंच काम. उरलेलं अर्धं गजात आहे. गज तारेला काटकोनात चालला पाहिजे, घोडी (तारा उचलून धरणारा लाकडी तुकडा) आणि बोटं ठेवायची काळी पट्टी यांच्या मधोमध, सुरुवातीपासून टोकापर्यंत सारख्या वजनाने. गजाचं टोक गेलं तिरकं की किरकिर सुरू. माझ्या आजोबांनी मला तीन महिने मोकळ्या तारांवर गज चालवायला लावला, डाव्या हाताचं एकही बोट नाही. भिंतीला पाठ आणि कोपर लावून उभं करायचे, म्हणजे हात मागे जाणार नाही. मी सात वर्षांचा होतो, रडायचो. आज त्या तीन महिन्यांसाठी त्यांचे पाय धरावेसे वाटतात.

पण व्हायोलिनची खासियत अशी की तो चढ एकदा चढलात की मींड, आंदोलन, गमक अशी सुरांची सगळी वळणं हातात येतात. गाता येईल ते वाजवता येतं. गजाननबुवा जोशी गायक आणि व्हायोलिनवादक दोन्ही होते, एन. राजम यांचं गायकी अंगाचं वादन ऐका. पेटीचा प्रवास सोप्याकडून अवघडाकडे, व्हायोलिनचा बराचसा उलट.

नऊ वर्षं हे वय चांगलं. अर्ध्या आकाराचं व्हायोलिन लागेल, हात मोजून घ्या. मोठं घेऊन "पुढे उपयोगी पडेल" असं करू नका, खांदा आणि मान आखडते. गजाला लावायची राळ चांगली घ्या आणि वाजवून झालं की गज सैल करून ठेवायला पहिल्या दिवशीच शिकवा. आणि घरच्यांनी पहिलं वर्षभर "कसं किरकिरतंय" हा शब्द काढायचा नाही. मुलं त्या शब्दाने सोडतात, बोटांमुळे नाही.

चांदणवेल

मांडवीकाठ, तुमचं शेवटचं वाक्य मी नवऱ्याला आणि सासूबाईंना वाचून दाखवलं. दोघंही थोडा वेळ गप्प बसले. लेक म्हणाली, मी दार लावून वाजवीन. मी म्हटलं, दार उघडंच ठेव.

सतारीबद्दल कोणी लिहील का?

परसातली_जाई (न्यू जर्सी)

सतारवाले येईपर्यंत आमच्याकडचं सांगते. इथे सरकारी शाळांतून साधारण चौथी-पाचवीत मुलांना वाद्य निवडायला सांगतात आणि शाळेतच वर्ग होतात. माझ्या मुलीने क्लॅरिनेट घेतलं. पहिला सूर पहिल्याच आठवड्यात आला, बासरीसारखा त्रास नाही. पण खालच्या पट्टीतून वरच्या पट्टीत जाताना एक जागा येते, जिथे जवळजवळ सगळी बोटं मोकळी असतात आणि पुढच्या सुराला सगळी एकदम बंद करावी लागतात. खर्ज यांचं म-प-म वाचलं आणि मी तिला हाक मारून वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आई, सेम!" नळी बांबूची असो की आबनुसाची, दुखणं एकच.

तिच्या शिक्षिका सांगतात की ओबो सगळ्यात कठीण, कारण त्याची दुहेरी पत्ती चांगले वादक सुरीने तासून स्वतः बनवतात. आणि फ्रेंच हॉर्न, कारण वरच्या पट्टीत त्याचे नैसर्गिक सूर इतके जवळजवळ आहेत की तेवढ्याच बोटांनी ओठ जरा हलला तर शेजारचा सूर लागतो. तिच्या मैत्रिणीला ट्रम्पेट हवा होता, पण दातांना तारा होत्या, ओठ आतून सोलवटायचे. दोन वर्षं तिने ड्रम घेतला. वाद्य निवडताना दात बघायचे हे मला तेव्हा कळलं.

काळी_दोन

सारंगीचं नाव आल्याशिवाय हा धागा पुरा व्हायचा नाही. आतड्याच्या तीन मुख्य तारा, खाली पस्तीसेक तरफा, म्हणजे आपोआप झंकारणाऱ्या तारा. बोटाच्या पेराने तार दाबायची नाही. नखाच्या मुळाशी, जिथे कातडी सुरू होते, त्या जागेने तारेला बाजूने भिडून सरकायचं. तिथे घट्टा पडेपर्यंत रक्त येतं. पंडित रामनारायण यांनी ती साथीतून स्वतंत्र वादनापर्यंत नेली, २०२४ साली ते गेले. आमच्या जिल्ह्यात आज सारंगी शिकवणारा कोणी मला माहीत नाही. वाद्य किती अवघड, यात गुरू किती लांब आहे हेही धरायला हवं. तुमच्या गावात चांगला माणूस ज्या वाद्याचा असेल ते वाद्य निम्म्याने सोपं झालं समजा.

जवारी (मिरज)

उशीर झाला, हंगामाचं काम चालू होतं. आमच्या घरात चार पिढ्या वाद्यं बनतात. मी बनवतो, थोडी वाजवतोही.

मिरजेत हे काम दीडशेहून जास्त वर्षं चालतं. शस्त्रं घडवणाऱ्या शिकलगारांपैकी फरीदसाहेबांनी सुरू केलं, तेव्हापासून आम्ही सितारमेकर. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात, लाकूड तुणीचं. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

ताई, बोटं कापतात हे खरं आहे, पण तेवढंच ऐकून घाबरू नका. डाव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट. पहिले तीन आठवडे तारेची रेघ उमटते, कधी फोड येतो. फोड आला की दोन दिवस थांबायचं, वर वाजवायचं नाही. मग तिथे बारीक चर पडलेला घट्टा तयार होतो आणि तार त्या चरातून धावते. वादक शेजारी एका डबीत तेलाचा कापूस ठेवतात, मधूनमधून बोट टेकवतात. माझ्या दुकानात आलेला माणूस किती वाजवतो हे मी हात बघून सांगतो.

सतारीची खरी अडचण बसण्यात आहे. खालचा भोपळा डाव्या पायाच्या तळव्यावर, उजव्या कोपराखालचा हात भोपळ्यावर, त्याच्या वजनाने दांडी तिरकी उभी राहते. डाव्या हाताने दांडी धरायची नाही, तो हात पडद्यांवर फिरायला मोकळा हवा. डावा हात काढला आणि सतार कलंडली तर बैठक चुकली. चाळिशीनंतर गुडघा आणि कंबर बोलते, बोटं नाही. एक जाडसर उशी घ्या, सुरुवातीला वीस मिनिटांच्या वर बसू नका.

दुसरी अडचण मींड. पडदा दिसतो, म्हणून सोपं वाटतं. पण पडद्यावर तार बाजूला ओढून पुढचा, त्याच्या पुढचा सूर काढायचा. तो कुठे आहे हे दाखवायला तिथे पडदा नाही, फक्त कान. म्हणजे काळी_दोन म्हणतात ते आणि मांडवीकाठ म्हणतात ते, दोन्ही सतारीत आहे. पहिल्या महिन्यात दा रा दा रा वाजवून सरगम निघते, आनंद होतो. मींड यायला दोन-तीन वर्षं.

आणि जुळवणं. सहा-सात तारा वर, अकरा ते तेरा तरफा खाली. राग बदलला की तरफाही बदलायच्या. नवीन माणसाचा निम्मा तास यातच जातो आणि तो कंटाळतो. मी सांगतो, पहिलं वर्षभर एकच राग, यमन म्हणा, तरफा त्यालाच लावून ठेवा, हलवू नका. जवारी, म्हणजे घोडीचा घासून आकार दिलेला माथा, बसली की वर्ष-दोन वर्षांत घोडी परत घासून घ्यावी लागते, तार घोडीत रुतून आवाज बंद होतो. लोकांना वाटतं आपलं बोट बिघडलं. कित्येकांनी याच कारणाने सतार माळ्यावर टाकली आहे. वाद्य बिघडलेलं असताना माणूस स्वतःला दोष देतो, हे बघून मला फार वाईट वाटतं. आवाज मंद वाटला तर आधी कोणा जाणत्याला घोडी दाखवा.

तुमच्या वाड्यातल्या काकूंची सतार अजून आहे का? जुनी तुणीची असेल तर नवी घेऊ नका, ती दुरुस्त होईल.

चांदणवेल

जवारीदादा, तुमचा प्रतिसाद वाचून रात्री आईला फोन केला. काकू गेल्या, त्यांचा मुलगा वाड्यातच राहतो. सतार आहे! खोळीसकट कपाटावर. दोन खुंट्या नाहीत, तारा गंजल्यात, भोपळ्याला एक बारीक चीर आहे. तो म्हणाला, घेऊन जा, आई असती तर तिनेच दिली असती. मला पुढे बोलता येईना.

लेकीचं ठरलं. अर्ध्या आकाराचं व्हायोलिन, शनिवारी पहिला तास. शिक्षकांना मी आधीच सांगितलंय की मोकळ्या तारांवर कितीही महिने घ्या. आणि तिहाई, घरी रोज जेवणाआधी आम्ही दोघी टाळी धरून धाती टधा म्हणतोय. सासूबाईही म्हणायला लागल्यात, त्यांची लय आमच्यापेक्षा पक्की निघाली.

दादा, चीर पडलेला भोपळा जोडता येतो का? पुढच्या आठवड्यात मिरजेला येते.

जवारी

चीर जोडता येते, आतून पट्टी लावतो, बाहेरून दिसत नाही. येताना सतार आडवी ठेवू नका, गाडीत मांडीवर उभी धरा, भोपळ्यावर भार नको. गंजलेल्या तारा तुम्ही काढू नका, मला बघू द्या, काकूंनी कोणत्या सुराला लावली होती ते तारांच्या जाडीवरून कळेल. नखीसाठी, म्हणजे तार छेडायला बोटात घालायच्या कडीसाठी, उजव्या तर्जनीचं माप लागतं, ती घट्टही नको आणि फिरायलाही नको, म्हणून ती इथेच बसवून घेऊ.